संत्र्याच्या सालीतलं तेल

संत्रं सोललं की बोटांना जो वास लागतो तो रसाचा नसतो. रस आत फोडींमध्ये बंद असतो, त्याला अजून हातही लागलेला नसतो. तो वास सालीतल्या तेलाचा. संत्र्याची साल उन्हाकडे धरून बघा. बारीक बारीक ठिपके दिसतील, काहीसे पारदर्शक. तो प्रत्येक ठिपका म्हणजे एक तैलग्रंथी, तेलाने काठोकाठ भरलेली पोकळी.

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याबद्दलचं बोलणं कधी संपत नाही. आंबिया बहार धरायचा की मृग, बागेला ताण नीट बसला का, फळगळ किती झाली, डिंक्या रोग कुठे दिसला, नागपूरच्या कळमना मंडीत काय भाव निघाला, बांगलादेशने आयातशुल्क वाढवल्यावर माल कुठे पाठवायचा. हे सगळं फळाबद्दल. सालीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. ती सोलली आणि टाकली. मी रसायनशास्त्र शिकवते. घरची बाग आहे, नवरा आणि दीर ती बघतात. इतकी वर्षं दोन्हींकडून पाहिल्यावर मला वाटू लागलं आहे की या झाडाने सगळ्यात जास्त अक्कल खर्च केली असेल तर ती सालीवर. गोड रस पुष्कळ फळांना जमतो. हे तेल जमवणं सोपं नाही.

लहानपणी आम्ही भावंडं एकमेकांच्या डोळ्यांवर साल दाबायचो. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत हा खेळ झालेला आहे, आणि बहुतेक घरांत त्यावरून धपाटेही बसले आहेत. साल वाकवली की बाहेरचा केशरी थर ताणला जातो, आतला पांढरा मऊ थर दबतो, ग्रंथीतला दाब वाढत जातो आणि एका क्षणी वरची त्वचा फाटून तेलाची केसासारखी बारीक धार उडते. फ्लोरिडातल्या संशोधकांनी या धारांचं अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. धारेचा सरासरी वेग सेकंदाला ८ ते ९ मीटर आणि प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५,००० पट. हे सगळं एक-दोन मिलिमीटरच्या अंतरात घडतं. मेणबत्तीच्या ज्योतीशेजारी साल दाबली तर त्याच धारा ठिणग्या होऊन तडतडतात. वर्गात अंधार करून हे दाखवलं की मागच्या बाकावरची मुलंही उभी राहून बघतात.

या तेलाचा सगळ्यात मोठा घटक लिमोनीन. गोड संत्र्याच्या, म्हणजे आपण ज्याला मोसंबीच्या जातकुळीतलं म्हणू त्या फळाच्या सालीतल्या तेलात तो शेकडा ९० हून जास्त असतो. १० कार्बन, १६ हायड्रोजन. त्यात ऑक्सिजनचा एकही अणू नाही, म्हणून पाण्याशी त्याचं जमत नाही आणि तेल, मेण, चरबी, रबर यांच्याशी मात्र चटकन जमतं. या कुळातल्या रेणूंची पहिली नीट मांडणी ऑटो वालाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने केली. बॉन विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ केकुले यांच्याकडे बाष्पनशील, म्हणजे हवेत उडून जाणाऱ्या, तेलांच्या बाटल्या कपाटात नुसत्या पडून होत्या. त्यांत नेमकं काय आहे हे शोधायला वालाख बसला आणि त्या कामातून पुढे १९१० सालचं नोबेल पारितोषिक आलं. तोपर्यंत एकाच पदार्थाला वेगवेगळ्या झाडांवरून वेगवेगळी नावं पडलेली होती. त्याने दाखवलं की कितीतरी तेलांमध्ये मोजकेच रेणू पुन्हा पुन्हा भेटतात.

लिमोनीनचा हा एक गुण नीट कळला की तेलाचे सगळे उपयोग आणि सगळे धोके एकाच सूत्रात येतात. ते स्निग्ध पदार्थ विरघळवतं. बस.

फुगवलेल्या फुग्यावर संत्र्याची साल पिळा, फुगा फटकन फुटतो, कारण ताणलेल्या पातळ रबरात तेल शिरतं आणि तिथला पडदा कमकुवत होतो. थर्माकोलवर थेंब टाका, खड्डा पडतो. जपानमध्ये सोनी कंपनीने १९९० च्या दशकात याच गुणावर थर्माकोलच्या पुनर्वापराची पद्धत बसवली होती. पॅकिंगचा अवाढव्य थर्माकोल लिमोनीनमध्ये विरघळवायचा म्हणजे तो मूठभर जागेत मावतो, आणि नंतर दोन्ही वेगळे करायचे. स्टीलच्या नव्या डब्यावरचं लेबल निघतं पण चिकटा राहतो, तो या तेलाच्या दोन थेंबांनी जातो. चिमणीच्या जाळीवरचा तेलकट थर, सायकलच्या साखळीचं काळं ग्रीस, कपड्याला लागलेलं च्युइंगम, सगळ्यांवर तोच इलाज.

दातांच्या दवाखान्यातही हे तेल असतं, हे मला फार उशिरा कळलं. रूट कॅनलमध्ये दाताच्या मुळात गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरतात. ती ट्रीटमेंट पुन्हा करायची वेळ आली की जुना गटापर्चा मऊ करून काढावा लागतो. त्यासाठी पूर्वी क्लोरोफॉर्म वापरत, आता त्याऐवजी पुष्कळ डॉक्टर संत्र्याचं तेल वापरतात. पॅथॉलॉजीच्या लॅबमध्येही पेशींचे काप तयार करताना झायलीन या द्रावकाच्या जागी लिमोनीनपासून बनवलेलं द्रावण वापरलं जातं. झायलीनच्या वाफेत रोज आठ तास काढणाऱ्या तंत्रज्ञासाठी हा बदल किती मोठा आहे हे तिथे काम करणाऱ्यालाच विचारावं.

झाडाने मात्र हे तेल आपल्या डब्यांसाठी केलेलं नाही. कीटकांच्या अंगावर मेणाचं पातळ आवरण असतं, त्यामुळे त्यांच्या शरीरातलं पाणी टिकतं. लिमोनीन त्या मेणालाच हात घालतं. फळमाशीने सालीत अंडी घातली तरी तेलाच्या संपर्कात आलेली पुष्कळशी अंडी आणि अळ्या जगत नाहीत. घरात मुंग्यांच्या वाटेवर या तेलाचं बोट फिरवलं की वाट मोडते, कारण त्यांनी मागे सोडलेली गंधखूण पुसली जाते.

आणि हे तेल खुद्द संत्र्यालाही झेपत नाही. झाड ते जपून वेगळ्या पोकळीत ठेवतं, कारण आजूबाजूच्या पेशींवर सांडलं तर त्या पेशी मरतात. पहाटे दव असताना किंवा पाऊस पडून गेल्यावर लगेच तोडणी करू नये, असं जाणकार सांगतात, त्यामागे हेच कारण आहे. तेव्हा साल पाण्याने टम्म फुगलेली असते, जरा दाबली की ग्रंथी फुटतात आणि दोन दिवसांनी फळावर तपकिरी डाग दिसतात. मंडीत तो माल मागे पडतो. रोग म्हणून त्यावर फवारणी करणारे लोक मी पाहिले आहेत. तो रोग नसतो. फळ आपल्याच तेलाने पोळलेलं असतं.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी सालीत लिमोनीन फार कमी तयार होईल अशी संत्र्याची झाडं जनुकबदल करून वाढवली. २०११ साली त्यांचे निष्कर्ष आले. अपेक्षा अशी की कवच गेलं तर फळ जास्त रोगट होईल. झालं उलटंच. हिरव्या बुरशीला ती फळं सहजी बळी पडली नाहीत आणि भूमध्यसागरी फळमाशीचे नरही त्यांच्याकडे कमी ओढले गेले. म्हणजे ज्या वासाने सामान्य शत्रू दूर राहतात, त्याच वासावर काही खास शत्रू माग काढत येतात. पेनिसिलियमच्या त्या हिरव्या बुरशीचे बीजाणू सालीच्या गंधाने जागे होतात. पेटीत एक संत्रं दबून फुटलं की शेजारची चार का नासतात, हे त्यावरून कळतं. लाखो वर्षं शेजारी राहून बुरशीने शस्त्रालाच पत्ता करून टाकलं.

दरवर्षी प्रॅक्टिकलला आम्ही सालीतून तेल काढतो. साल बारीक करायची, चंबूत पाण्याबरोबर उकळायची, वाफ कंडेन्सरमधून थंड करायची. खाली पडणारं पाणी दुधाळ दिसतं आणि वर तेलाची पातळ चकती तरंगते, कारण तेलाची घनता पाण्याहून कमी, सुमारे ०.८४. लिमोनीनचा उत्कलनबिंदू १७६ अंश सेल्सिअस आहे, तरी पाण्याबरोबर ते १०० अंशांच्या थोडं खालीच निघून येतं. न मिसळणाऱ्या दोन द्रवांचे बाष्पदाब एकमेकांत मिळवले जातात आणि दोघांची बेरीज वातावरणाच्या दाबाएवढी झाली की उकळी फुटते. पुस्तकातलं हे वाक्य मुलं पाठ करतात, पण थर्मामीटरवर ९८ च्या आसपास पारा थांबलेला आणि खोलीभर संत्र्याचा वास सुटलेला असला की तेच वाक्य त्यांना पटतं.

मात्र उकळून काढलेल्या तेलाचा वास थोडा शिजलेला असतो. सालीचा कोवळा, टोकदार वास हवा असेल तर उष्णता लावून चालत नाही, दाबूनच तेल काढावं लागतं. सिसिली आणि कॅलाब्रियात हे काम स्पंजाने व्हायचं. फळ अर्धं कापून गर खरवडून काढायचा, साल पाण्यात भिजवायची आणि मातीच्या भांड्यावर ठेवलेल्या समुद्री स्पंजावर हाताने दाबत, फिरवत राहायचं. तेल स्पंजात उतरतं, स्पंज पिळला की भांड्यात. एक किलो तेलासाठी किती मनगटं दुखली असतील याचा विचार मनात येतोच. फळाच्या वजनाच्या मानाने तेल जेमतेम अर्धा टक्का निघतं, कित्येकदा त्याहूनही कमी. आज ब्राझीलमधल्या रसाच्या कारखान्यांत यंत्रं एका बाजूने रस काढतात आणि दुसऱ्या बाजूने सालीतलं तेल पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन घेतात. जगातलं बहुतेक संत्रा तेल असं रसाच्या मागे मागे आलेलं असतं, म्हणून ते इतर सुगंधी तेलांच्या मानाने स्वस्त.

आपलं नागपुरी संत्रं मंडारिन कुळातलं, सैल सालीचं. मंडारिन तेलाचा स्वभाव मोसंबीच्या तेलाहून वेगळा असतो. लिमोनीन इथेही बहुसंख्य, पण सोबत थोडे वेगळे रेणू येतात. त्यातला एक नायट्रोजन असलेला रेणू अगदी अल्प प्रमाणात असूनही मंडारिनचा खास गोडसर वास देतो आणि तेलाला अंधुक निळसर झळाळी आणतो. लिंबाचा लिंबूपणा असाच सिट्राल नावाच्या रेणूतून येतो. बहुतेक लिंबूवर्गीय सालींच्या तेलांत लिमोनीनच सगळ्यात जास्त असतं. फळाची ओळख मात्र त्या उरलेल्या चिमूटभर रेणूंमध्ये असते.

आता बाजारातल्या बाटलीबद्दल. ही गोष्ट मी जवळच्या प्रत्येकाला पोटतिडकीने सांगते, कारण अलीकडे घरोघरी या बाटल्या आल्या आहेत आणि चेहऱ्यावर, केसांत, पाण्यात घालून पोटातही जाऊ लागल्या आहेत. जे तेल रबर आणि थर्माकोल विरघळवतं ते तसंच्या तसं त्वचेवर लावायचं नसतं. खोबरेल किंवा तिळाच्या तेलात शेकडा एक-दोन एवढंच पुरे. पोटात घेऊ नये. डोळ्यांपासून आणि लहान मुलांच्या हातांपासून दूर ठेवावं. घरात मांजर असेल तर अजिबात जवळ आणू नये. मांजरीच्या यकृताला असे पदार्थ नीट निकामी करता येत नाहीत.

जुनी बाटली तर त्वचेसाठी वापरूच नये. लिमोनीन स्वतः फारसं त्रासदायक नाही, पण हवेशी संयोग होऊन त्यातून हायड्रोपेरॉक्साइडं तयार होतात आणि ती त्वचेला ॲलर्जी आणतात. एकदा अशी ॲलर्जी जडली की ती बहुधा आयुष्यभर सोबत राहते. म्हणून युरोपमध्ये अंगाला लावून ठेवायच्या प्रसाधनात लिमोनीन ०.००१ टक्क्याहून जास्त असेल तर त्याचं नाव लेबलवर छापावंच लागतं. धुऊन टाकायच्या प्रसाधनांसाठी ही मर्यादा ०.०१ टक्का आहे. गडद काचेची लहान बाटली, तीही भरलेली, घट्ट बंद आणि फ्रिजमध्ये, हीच ठेवायची रीत. प्लास्टिकच्या डबीत तर कधीच नाही. आणि विदर्भातल्या लोकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. या तेलाची वाफ पेट घेण्याचं तापमान ५० अंशांच्या आतच आहे. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ ला टेकतो. गॅसच्या शेगडीशेजारच्या कपाटात ती बाटली नको.

उन्हाचा प्रश्न निराळा. बर्गमोट नावाचं लिंबूवर्गीय फळ, कागदी लिंबू आणि लेमन यांच्या दाबून काढलेल्या तेलांत फ्युरोकुमारिन वर्गातले पदार्थ असतात. ते लावून उन्हात गेलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत. बर्गमोटसाठी तर अत्तर उद्योगाने अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत ०.४ टक्क्याची मर्यादा घालून घेतली आहे. गोड संत्र्याच्या आणि मंडारिनच्या सालीच्या तेलात हा धोका फार कमी. पण चेहऱ्यावर लिंबाची साल चोळून दुपारी गाडीवरून निघणाऱ्या मुलींना मी थांबवते, ओळख असो वा नसो.

माझी आजी यातलं काही शिकलेली नव्हती. तरी दिवाळीच्या आधी तिचं फर्मान ठरलेलं असायचं, "सालटं फेकू नोको वं, वाळू घाल." मग अंगणात सुपांमध्ये साली वाळायच्या, खलबत्त्यात कुटल्या जायच्या आणि नागरमोथा, आंबेहळद, कपूरकाचरी, वाळा, गुलाबपाकळी यांच्या सोबतीने उटण्यात जायच्या. आज त्याकडे बघताना मला त्यातलं शहाणपण दिसतं. उन्हात सालीतलं बरंचसं तेल उडून जातं. मागे राहतो तो सौम्य वास आणि खरखरीत पूड, जी अंगावर चालते. मुळातलं तिखट तेल आजीने कधी अंगाला लागू दिलं नाही.

वासाने मन हलकं होतं का? हे मला विद्यार्थी हमखास विचारतात. व्हिएन्नामध्ये दातांच्या दवाखान्यात वाट बघणाऱ्या लोकांवर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००० साली आले. खोलीत संत्र्याच्या तेलाचा वास होता तेव्हा स्त्रियांची धास्ती कमी आढळली. दहा वर्षांनी नेदरलँड्समध्ये जास्त लोकांवर तशीच पाहणी झाली, तिथे दातांच्या भीतीवर काही फरक दिसला नाही. म्हणून मी औषध हा शब्द वापरत नाही. मला स्वतःला हा वास आवडतो, पेपर तपासताना शेजारी साल ठेवते, आणि ती बरी वाटते एवढं मला पुरतं. नैराश्यावर, मधुमेहावर, कॅन्सरवर उपाय म्हणून ही बाटली विकणाऱ्यांना मात्र मी समोरासमोर हटकलं आहे, पुढेही हटकेन. आजारी माणसाच्या घरातला पैसा आणि वेळ दोन्ही मौल्यवान असतात.

चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात शिनह्वेई म्हणून भाग आहे. तिथल्या मंडारिनची साल वाळवून, निदान तीन वर्षं मुरवून चेनपी म्हणून विकतात. जितकी जुनी तितकी महाग. तिथे साल हेच पीक, गर दुय्यम. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. नागपुरात लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८५ पासून आहे. तरीही आपली साल उकिरड्यावर जाते, आणि याला कारणं आहेत. आपलं संत्रं सोलून खायचं फळ आहे. साल कारखान्यात एका जागी जमतच नाही, लाखो घरांच्या कचऱ्यात विखुरते. रस काढून ठेवला तर तो काही वेळाने कडवट होतो, त्यामुळे प्रक्रियेची गाडी अडत अडत चालते. आणि रसाचा कारखाना नसेल तिथे नुसत्या तेलासाठी कोण यंत्र लावणार?

पण बागेत गळून पडणाऱ्या हिरव्या फळांचं काय, हा प्रश्न मला सोडत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आमच्या बागेत झाडाखाली हिरवा सडा पडतो. दीर तो गोळा करून खड्ड्यात पुरतात, कारण तसाच ठेवला तर बुरशी आणि माशी वाढते. खायला ती फळं शून्य. सालीत मात्र तेव्हाही तेल असतं. इटलीत मंडारिनचं हिरवं, पिवळं आणि लाल तेल वेगवेगळं काढून वेगवेगळ्या भावाने विकतात, हिरव्याचा वास जास्त तरतरीत म्हणून त्याला वेगळी मागणी. आपल्या गळलेल्या फळांचं तसं करायचं तर दोन अडचणी आधी सोडवायला हव्यात. सडलेलं फळ निवडून बाजूला काढावं लागेल. आणि फवारणीतली औषधं सालीच्या तेलात उतरून दाट होतात, कारण तीही बहुधा तेलातच विरघळणारी. तेव्हा तपासणीशिवाय ते तेल खाण्यात किंवा अंगाला लावण्यात जाता कामा नये. साफसफाईच्या द्रावणासाठी, चिकटा-ग्रीस काढण्यासाठी त्याचा विचार नक्की करता येईल.

यंदा प्रॅक्टिकलला बाजारातून संत्री आणायची नाहीत असं ठरवलं आहे. आमच्याच बागेतली गळलेली हिरवी फळं आणि तोडणीची पिकलेली फळं, दोन्हींच्या सालींचं सारखं वजन घेऊन मुलं वेगवेगळं तेल काढतील, मोजतील, हुंगतील. दिरांनी दोन क्रेट बाजूला ठेवायचं कबूल केलं आहे. आकडे हाती आले की ते घेऊन मी आमच्या भागातल्या शेतकरी गटाच्या बैठकीला जाणार आहे.